कॉलेज फुटबॉल संघाचा स्ट्रेंथ प्रोग्रॅम कसा पारखायचा: नवख्या प्रेक्षकांसाठी आणि पालकांसाठी

अमेरिकेतल्या मराठी घरांत कॉलेज फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन धावायचा अमेरिकन फुटबॉल, दोन दारांनी येतो. मुलगी ओहायो स्टेट, मिशिगन किंवा पर्ड्यूला शिकायला जाते, आणि शनिवारी सगळं गाव एकाच रंगाचे कपडे घालून स्टेडियमकडे निघालेलं बघून आईवडीलही सामने बघायला लागतात. नाहीतर मुलगा हायस्कूलच्या संघात येतो, अंगापिंडाने भरतो आणि अकरावीत असताना कॉलेजच्या प्रशिक्षकांचे फोन यायला लागतात. दोन्ही घरांत एक वाक्य लवकरच कानावर पडतं: "त्यांचा स्ट्रेंथ प्रोग्रॅम जबरदस्त आहे." स्ट्रेंथ प्रोग्रॅम म्हणजे ताकद, वेग आणि दमसास वाढवायचा वर्षभराचा व्यायाम. त्याबद्दलचं ते वाक्य खरं की नुसती हवा, हे आपलं आपल्याला कसं ओळखता येईल, ते इथे क्रमाने सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कुणी किती वजन उचललं यावरून प्रोग्रॅम कळत नाही. आलेली मुलं तीन वर्षांनी कशी दिसतात, त्यातली किती नोव्हेंबरमध्ये मैदानावर उभी असतात, आणि एखाद्यावर "आता नाही होत" म्हणायची वेळ आली तर त्या खोलीत पुढे काय घडतं, यावरून कळतो. खालच्या सगळ्या पायऱ्या याच तीन प्रश्नांकडे जातात.

पहिली पायरी: वर्षाचं चक्र समजून घ्या

सामने ऑगस्टच्या शेवटी सुरू होतात. नियमित मोसमात १२ सामने, मग कॉन्फरन्सचा, म्हणजे संघांच्या गटाचा, अंतिम सामना, बाउल गेम (मोसमाअखेरचा निमंत्रणाचा सामना), आणि २०२४ च्या मोसमापासून १२ संघांची प्लेऑफ (बाद फेरी). पण शरीर घडतं ते उरलेल्या महिन्यांत. जानेवारी ते मार्च हिवाळी व्यायाम, मग वसंतातले १५ सराव, जून-जुलैत उन्हाळी व्यायाम आणि ऑगस्टमध्ये कॅम्प. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या नियमांप्रमाणे मोसमात आठवड्याला २० तास आणि मोसमाबाहेर ८ तासच सक्तीचं काम देता येतं. त्या ८ तासांतला मोठा वाटा वजनं आणि धावणं यांचा. म्हणजे वर्षातले कित्येक महिने खेळाडूचा रोजचा संबंध मुख्य प्रशिक्षकापेक्षा स्ट्रेंथ कोचशी जास्त येतो. आपल्याकडे तालमीत वस्तादाला जे स्थान, तेच इथे त्याला. मुलगा कुठल्या कॉलेजात जातोय हे विचारताना त्या वस्तादाचं नावही विचारायला हवं, आणि बहुतेक पालक ते विचारत नाहीत.

हे पद फार जुनं नाही. नेब्रास्का विद्यापीठात बॉइड एप्ली हा पोल व्हॉल्टचा खेळाडू पाठ दुखावल्यामुळे वजनं उचलत बसायचा. दुखापत झालेले फुटबॉलपटू त्याचं बघून व्यायाम करायला लागले आणि आधीपेक्षा तगडे होऊन परतले. तेव्हा सहायक असलेल्या टॉम ऑस्बर्न यांच्या हे लक्षात आलं आणि १९६९ मध्ये मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी एप्लीला कामावर घेतलं. त्या काळी समज असा होता की वजनं उचलली की माणूस जड आणि मंद होतो. त्यामुळे डेव्हनींची ताकीद होती, एक जरी खेळाडू मंदावला तरी नोकरी गेली. नेब्रास्काने १९७० आणि १९७१ ची राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. एप्लीने पुढे १९७८ मध्ये एनएससीए ही स्ट्रेंथ कोचांची संघटना उभी केली. डेव्हनींची ती कसोटी मला आजही सगळ्यांत चांगली वाटते: ताकद वाढवा, पण वेग जाता कामा नये.

दुसरी पायरी: एकच संघ नीट वाचा

दहा संघांची आकडेवारी जमवण्याआधी एका संघाची गोष्ट पूर्ण वाचावी. मी आयोवा विद्यापीठाची सुचवतो, कारण या विषयातलं सगळ्यांत चांगलं आणि सगळ्यांत वाईट एकाच छताखाली बघायला मिळतं.

आयोवाला टेक्सस किंवा फ्लोरिडासारखी घरच्या अंगणात तयार मुलं मिळत नाहीत. त्यांचं नाव झालं ते मुलं घडवण्यासाठी. जॉर्ज किटल आला तेव्हा साधारण २०० पौंडांचा, म्हणजे ९० किलोंचा, बारीक मुलगा होता. २०१७ मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवड चाचणीत तो २४७ पौंड भरला आणि तरीही वाऱ्यासारखा पळाला. आयोवातल्याच माउंट व्हर्ननचा ट्रिस्टन वर्फ्स. २०१९ मध्ये त्याने ४५० पौंडांचं, म्हणजे २०४ किलोंचं, हँग क्लीन सलग चार वेळा मारलं. हँग क्लीन म्हणजे बार मांडीपासून एका झटक्यात खांद्यावर घ्यायचा. पुढच्या वर्षी एनएफएलच्या चाचणीत ३२० पौंडांचा हा गडी जागच्या जागी साडेछत्तीस इंच उंच उडाला आणि ४० यार्ड ४.८५ सेकंदांत धावला. १४५ किलोंचा माणूस एवढी उडी मारतो तेव्हा त्याच्या पायांवर कुणीतरी वर्षानुवर्षं विचारपूर्वक काम केलेलं असतं.

आता याच खोलीची दुसरी बाजू. डिसेंबर २०१० च्या अखेरीस बाउल गेम झाला आणि खेळाडू सुमारे तीन आठवडे सुटीवर गेले. जानेवारी २०११ मध्ये परत आल्या आल्या त्यांना एक व्यायाम दिला गेला: आपण जास्तीत जास्त जेवढं उचलू शकतो त्याच्या निम्मं वजन खांद्यावर घेऊन १०० स्क्वॉट, म्हणजे बैठका, घड्याळ लावून. पुढच्या काही दिवसांत १३ खेळाडू रुग्णालयात भरती झाले. आजाराचं नाव ऱ्हॅब्डोमायोलिसिस. स्नायूंचे तंतू फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांत अडकायला लागतं. लघवी कोऱ्या काळ्या चहासारखी होते. सगळे बरे होऊन बाहेर आले. विद्यापीठाच्या चौकशी समितीने खेळाडूंचा काही दोष नव्हता असं म्हटलं आणि तो व्यायाम कायमचा बंद करायला सांगितला.

त्या वेळचे स्ट्रेंथ कोच ख्रिस डॉइल पुढेही पदावर राहिले. किटल आणि वर्फ्स घडले ते त्यांच्याच काळात, आणि देशातल्या सर्वाधिक पगाराच्या स्ट्रेंथ कोचांमध्ये त्यांची गणना व्हायची. २०२० च्या जूनमध्ये अनेक माजी कृष्णवर्णीय खेळाडूंनी त्यांच्या वागणुकीबद्दल, वंशावरून केलेल्या शेऱ्यांबद्दल जाहीरपणे लिहिलं. डॉइल यांनी आरोप नाकारले, पण सुमारे ११ लाख डॉलरची तडजोड होऊन ते गेले. नंतरच्या बाहेरच्या चौकशीने संघाच्या नियमांमुळे आणि वातावरणामुळे भेदभावाला खतपाणी मिळत होतं असा निष्कर्ष काढला.

२०१९ मध्ये कुणी फक्त वर्फ्सचा व्हिडिओ बघून आयोवाला शंभरपैकी शंभर दिले असते. व्हिडिओ खरा होता, ताकदही खरी होती. पण त्याच खोलीत दुसरा एखादा मुलगा मान खाली घालून वावरत होता, हे त्या व्हिडिओत दिसणार नव्हतं. म्हणून पुढच्या पायऱ्या.

तिसरी पायरी: फसवे आकडे बाजूला काढा

पहिला फसवा आकडा अधिकृत यादीतलं वजन. यादीत छापलेली उंची आणि वजन बऱ्याचदा सढळ हाताने लिहिलेली असतात, हायस्कूलच्या काळातली तर जास्तच. मोजून घेतलेला आकडा हवा असेल तर एनएफएलचं कंबाइन, म्हणजे ती निवड चाचणी, आणि कॉलेजांचे प्रो डे, म्हणजे कॉलेजात होणाऱ्या तशाच चाचण्या, बघा. तिथे सगळ्यांसमोर वजनकाटा असतो.

दुसरा म्हणजे बेंच प्रेस. २२५ पौंड, म्हणजे १०२ किलो, किती वेळा उचलले, हे टीव्हीवर छान दिसतं. त्यातून छातीचा आणि दंडांचा चिवटपणा कळतो. फुटबॉल मात्र पायांवर आणि कमरेवर खेळला जातो. समोरच्याला ढकलायचं बळ जमिनीतून वर येतं. तेव्हा क्लीन, स्क्वॉट, लांब उडी, उभी उडी आणि धावण्याचे पहिले १० यार्ड यांच्याकडे जास्त लक्ष द्या.

तिसरा, आणि सगळ्यांत फसवा, म्हणजे आरडाओरडा. पहाटे पाच वाजता अंधारात संगीत लावून किंचाळणारा कोच समाजमाध्यमांवर हमखास चालतो. आवाजाचा माणूस वाईटच असतो असं नाही. अलाबामात मुख्य प्रशिक्षक निक सेबन यांच्याबरोबर २००७ पासून असलेले स्कॉट कॉक्रन त्यांच्या घोगऱ्या आवाजासाठीच प्रसिद्ध होते आणि त्या काळात संघाने पाच विजेतेपदं घेतली. २०२० च्या सुरुवातीला ते जॉर्जियाला गेले. त्यांच्या जागी इंडियानाहून डेव्हिड बलू आणि मॅट रे आले आणि भर धावण्याच्या वेगावर आणि मोजमापावर गेला. त्याही वर्षी अलाबामा विजेता ठरला. दोन अगदी वेगळ्या स्वभावांची माणसं, निकाल तोच. तेव्हा आवाज मोजू नका.

मोजमापाबद्दल दोन शब्द. आता बऱ्याच ठिकाणी बारला लावलेलं छोटं यंत्र किंवा रॅकवरचा कॅमेरा बारचा वेग मीटर प्रति सेकंदात दाखवतो. वेग ठरावीक पातळीखाली आला की त्या दिवसापुरतं वजन वाढवणं थांबवतात. मैदानावर खेळाडूंच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जीपीएसचा छोटा डबा असतो. ऑस्ट्रेलियातल्या कॅटापल्ट कंपनीचे असे डबे अमेरिकेत बरेच दिसतात. यंत्र आहे म्हणून खूश होऊ नका. त्या आकड्यांमुळे एखाद्या खेळाडूचा सराव कधी कमी झाला का, एवढंच विचारा. झाला असेल तर यंत्र वापरात आहे. नाहीतर ते पाहुण्यांना दाखवायला आहे.

चौथी पायरी: तोच खेळाडू तीन वर्षं बघा

हे काम घरबसल्या होतं आणि यातून सर्वांत जास्त कळतं. लाइनमन, म्हणजे चेंडूजवळ समोरासमोर भिडणाऱ्या पहिल्या रांगेतले धिप्पाड खेळाडू निवडा, कारण त्यांच्या शरीरात बदल सर्वांत जास्त होतो आणि लपत नाही. अठराव्या वर्षी आलेला २६० पौंडांचा मुलगा एकविसाव्या वर्षी ३०५ पौंडांचा झाला असेल तर त्याचे पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचे सामने एकापाठोपाठ बघा. वजन कुठे गेलंय? पोटावर, की मांड्या आणि पाठीवर? चेंडू सुटल्यावर पहिलं पाऊल आधीइतकंच झटपट पडतंय का? वाढलेल्या वजनासकट तो कंबर खाली ठेवून सरकतो, की उभा राहून हातांनी ढकलतो? वजन वाढलं आणि पाऊल मंदावलं तर तो प्रोग्रॅम डेव्हनींच्या कसोटीला उतरला नाही.

एका खेळाडूवरून काही ठरवू नका. हायस्कूलमध्ये फारशी किंमत नसलेल्या, खेळाडूंना पाचपैकी तारे देणाऱ्या संकेतस्थळांकडून दोन-तीन तारे मिळालेल्या सात-आठ मुलांची यादी करा. पाच तारेवाला मुलगा कुठेही गेला तरी चमकण्याची शक्यता असते. दोन तारेवाला चमकला तर त्यात शिकवणाऱ्यांचा हात असतो. विस्कॉन्सिनचा जे. जे. वॉट हे ठळक उदाहरण. सेंट्रल मिशिगनमध्ये टाइट एंड, म्हणजे समोरच्याला अडवणारा आणि चेंडूही झेलणारा खेळाडू, म्हणून खेळणारा हा मुलगा विस्कॉन्सिनला शिष्यवृत्तीशिवाय आला, बचावफळीत गेला आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या खेळाडू निवडीत, अकराव्या क्रमांकावर निवडला गेला.

आता यात एक अडचण आली आहे. ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी) आणि २०२१ पासून मिळालेली लगेच खेळायची मुभा यामुळे तीन वर्षं एकाच ठिकाणी राहणारी मुलं कमी झाली. म्हणून बाहेरून आलेल्यांना वेगळं काढा. तयार होऊन आलेल्या खेळाडूचं श्रेय नव्या कॉलेजच्या व्यायामशाळेला देऊ नका.

पाचवी पायरी: दमसास खेळाला धरून आहे का

फुटबॉलमधली एक खेळी साधारण पाच-सहा सेकंदांची. मग पुढची सुरू होईपर्यंत घड्याळ ४० सेकंदांचं. म्हणजे थोडा वेळ जीव तोडून काम, मग श्वास घ्यायला वेळ, आणि असं साठ-सत्तर वेळा. हे लक्षात घेतलं की दमसासाचा व्यायाम बघताना प्रश्न सोपा होतो: काम आणि विश्रांतीचं प्रमाण खेळाशी जुळतं का, आणि १४० किलोंच्या लाइनमनला आणि ८५ किलोंच्या रिसीव्हरला, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याला, तेच काम, तेवढ्याच वेळात करायला लावतात का?

जुना लोकप्रिय प्रकार म्हणजे ११० यार्डांच्या धावा, एकामागून एक. दुसरा गॅसर: मैदानाच्या रुंदीला, म्हणजे ५३ यार्डांच्या थोडं वर, जाऊन-येऊन दोनदा. चिकाटी बघायला म्हणून थोड्या प्रमाणात चालतील, पण सामन्यात कुणी लाइनमन सलग शंभर मीटर धावत नाही. जिथे दमसास म्हणजे फक्त हेच, तिथे विचार कमी आणि परंपरा जास्त आहे असं मी समजतो.

"चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही दमत नाही" हा दावा प्रत्येक संघ करतो. चार बोटं वर करून दाखवायची पद्धतही सगळीकडे आहे. पण उत्तरार्धातले गुण म्हणजे दमसास, हे गणित चुकतं. जानेवारी २०१८ मधला राष्ट्रीय अंतिम सामना घ्या. मध्यंतराला जॉर्जिया १३-० ने पुढे; अलाबामाने जादा वेळेत २६-२३ असा जिंकला. त्यात सर्वांत मोठा वाटा होता मध्यंतरात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, बदलून टुआ टॅगोवायलोआला आणण्याचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये मिशिगनने ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर उत्तरार्धात २८-३ असं मागे टाकलं, अंतिम गुणसंख्या ४५-२३. ताकद दिसलीच, पण चौथ्या क्वार्टरमधल्या डोनोव्हन एडवर्ड्सच्या ७५ आणि ८५ यार्डांच्या दोन धावांमध्ये बचाव करणारे पुढे सरसावले होते आणि मागे अडवायला कुणी उरलं नव्हतं. तो भाग डावपेचांचा.

म्हणून गुणफलक सोडा आणि शेवटच्या दहा मिनिटांत माणसं बघा. दोन खेळींच्या मधे कोण गुडघ्यांवर हात टेकून वाकतंय? बचावफळीतले लाइनमन पहिल्या क्वार्टरइतके खालून उठतायत का, की छाती आधी वर येतेय? समोरच्याला पाडताना पाय चालू आहेत, की नुसते हात टाकले जातायत? चेंडू पलीकडच्या बाजूला गेला तरी या बाजूचा खेळाडू शेवटपर्यंत धावतो का? आणि बचावाने त्या दिवशी किती खेळी खेळल्या, ते आधी बघा. ८५ खेळी मैदानावर काढलेला संघ थकलेला दिसणारच. तिथे दोष कदाचित तीन खेळींत चेंडू परत देणाऱ्या आक्रमणाचा असेल.

सहावी पायरी: नोव्हेंबरमधली हजेरी

बिग टेन कॉन्फरन्सने २०२३ पासून आणि एसईसी कॉन्फरन्सने २०२४ पासून सामन्याआधी खेळाडूंच्या उपलब्धतेचा अहवाल देणं सक्तीचं केलं. नवख्या माणसाला ही मोठी सोय झाली. ऑगस्टअखेरचे पहिल्या पसंतीचे २२ खेळाडू वहीत लिहा आणि दर शनिवारी कोण बाहेर आहे त्यावर खूण करा. कशामुळे बाहेर आहे हे अहवालात सहसा नसतं, त्यासाठी संघाबरोबर फिरणाऱ्या स्थानिक पत्रकारांच्या बातम्या वाचा.

दुखापती दोन ढिगांत टाका. कुणी गुडघ्यावर येऊन आदळलं आणि लिगामेंट गेलं, बोट मोडलं, खांदा निखळला: यात नशिबाचा भाग मोठा. धावता धावता हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरली, जांघेत लचकलं, पोटरी ओढली गेली: याच्याशी तयारीचा थेट संबंध असतो. पूर्ण वेगाने धावण्याची नियमित सवय आणि गुडघ्यांवर बसून शरीर हळूहळू पुढे झुकवायच्या नॉर्डिक कर्लसारखे व्यायाम यांनी हॅमस्ट्रिंगच्या दुखापती कमी होतात. दुसऱ्या ढिगात दरवर्षी सप्टेंबरमध्येच पाच-सहा नावं पडत असतील तर उन्हाळ्यात काहीतरी चुकतंय. एका वर्षावरून निकाल देऊ नका. तीन मोसमांत तेच दिसलं तर द्या.

सातवी पायरी: जिवाची काळजी

पालकांसाठी ही पायरी पहिली, बाकीच्या नंतर. २००० नंतर कॉलेज फुटबॉलमध्ये टकरींमुळे गेलेल्या मुलांपेक्षा सरावातल्या आणि व्यायामातल्या श्रमांमुळे गेलेली मुलं जास्त आहेत. हे टाळता येण्यासारखे मृत्यू आहेत.

२९ मे २०१८ ला मेरिलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा लाइनमन जॉर्डन मॅकनेर ११० यार्डांच्या दहा धावांच्या सत्रात कोसळला. त्याला थंड पाण्याच्या टबात घातलं गेलं नाही, आणि त्रास सुरू झाल्यापासून रुग्णवाहिका निघेपर्यंत तासाभराहून अधिक वेळ गेला. १३ जूनला तो उष्माघाताने गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली, स्ट्रेंथ कोचने राजीनामा दिला आणि ऑक्टोबरअखेर मुख्य प्रशिक्षकालाही काढलं. उष्माघातावर उपाय सर्वांना माहीत आहे: अर्ध्या तासाच्या आत बर्फाच्या पाण्यात बुडवून शरीराचं तापमान उतरवा आणि मगच रुग्णालयात हलवा. एवढं वेळेवर झालं तर जवळजवळ प्रत्येक जण वाचतो. त्यासाठी लागतो एक टब, बर्फ, पाणी, आणि ते वापरायचा अधिकार असलेला माणूस जवळ उभा.

दुसरा धोका सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकांना. हे आपल्याला परकं नाही. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या घरांना हा आजार चांगला माहीत आहे. वाहक एरवी ठणठणीत असतो, पण विश्रांतीशिवाय सलग जोर लावला की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून अडकू शकतात. सप्टेंबर २००६ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातला डेल लॉइड १०० यार्डांच्या १६ धावांनंतर कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. त्यानंतरच्या खटल्यातून २०१० मध्ये एनसीएएच्या सर्वांत वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्ये, सिकल सेलच्या चाचणीचा नियम आला. चाचणी झाली, पुढे काय? वाहक मुलाला धावांच्या मधे जास्त विश्रांती मिळते का, आणि तो थांबला तर कुणी त्याला आळशी म्हणतं का, हे विचारायलाच हवं.

सुटीनंतरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक. आयोवाचं तेच झालं होतं. २०१९ मध्ये स्ट्रेंथ कोचांच्या दोन मोठ्या संघटनांनी यासाठी सोपा नियम दिला: ५०, ३०, २०, १०. परतल्यावर पहिल्या आठवड्यात धावण्याचं काम नेहमीपेक्षा निदान ५० टक्के कमी, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २०, चौथ्यात १०. त्याच वर्षी एनसीएएने शिक्षा म्हणून व्यायाम देऊ नये अशी शिफारस केली. नवा मुख्य प्रशिक्षक आला की सहसा आपला स्ट्रेंथ कोच घेऊन येतो, आणि "आता इथे कडक शिस्त असेल" हे दाखवायची घाई पहिल्याच जानेवारीत होते. ऑरेगनमध्ये जानेवारी २०१७ ला तीन खेळाडू रुग्णालयात गेले. प्रशिक्षक महिन्याभरापूर्वीच आले होते. नेब्रास्कातही जानेवारी २०१८ मध्ये, नव्या प्रशिक्षकांच्या पहिल्याच हिवाळ्यात, दोन खेळाडू ऱ्हॅब्डोने रुग्णालयात गेले. मुलाच्या पसंतीच्या कॉलेजात नुकताच बदल झाला असेल तर त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल तपशिलात विचारा.

आठवी पायरी: भेटीला जाल तेव्हा

कॉलेज पालकांना बोलावतं तेव्हा व्यायामशाळा दाखवतंच. चकचकीत फरशी, भिंतीएवढं बोधचिन्ह, एनएफएलला गेलेल्यांचे फोटो. ते बघून घ्या आणि मग फळ्याकडे जा. फळ्यावर एकच व्यायाम सर्वांना लिहिलाय, की लाइनमन, रिसीव्हर, नुकतेच आलेले, दुखापतीतून परतलेले असे वेगळे रकाने आहेत? रॅकजवळ उभं राहून एक फेरी पूर्ण बघा. स्क्वॉटमध्ये कुणाचे गुडघे आत वळले तर सहायक कोच वजन उतरवायला सांगतो, की "अजून एक!" म्हणून ओरडतो? मुलगा वजन उतरवतो तेव्हा बाकीचे त्याच्याकडे कसे बघतात? अॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे वैद्यकीय बाजू सांभाळणारा माणूस, खोलीत आहे, की दोन इमारती पलीकडे? मैदानाजवळ टब कुठे ठेवलाय, हे सरळ विचारा. ज्याला माहीत आहे तो बोट दाखवतो.

मग स्ट्रेंथ कोचला विचारायचे प्रश्न. तुमचं प्रमाणपत्र कुठलं? सीएससीएस किंवा एससीसीसी ही दोन नावं बहुतेकदा ऐकू येतील. डिव्हिजन वनमध्ये २०१५ पासून मान्यताप्राप्त प्रमाणपत्र सक्तीचं आहे. तुम्ही कुणाला उत्तरदायी आहात, मुख्य प्रशिक्षकाला की वैद्यकीय विभागाला? ट्रेनरने सत्र थांबवलं असं शेवटचं कधी झालं? या शेवटच्या प्रश्नावर मी सर्वांत जास्त लक्ष देतो. "असं कधी झालंच नाही" हे उत्तर अभिमानाने आलं तर सावध व्हा. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ऊन फार होतं, ट्रेनरने थांबवलं, आम्ही आत गेलो, असं कुणी सहज सांगितलं तर तिथे डॉक्टरांच्या बाजूचं चालतं.

कोचांपासून दूर, जेवताना वगैरे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. ताऱ्यांशी नको, दुखापतीमुळे मोसम बुडालेल्या मुलाशी बोला. परत उभं राहताना कुणी घाई केली का, व्यायामशाळेत त्याच्याशी कोण बोलायचं, गावाकडून आई आली तेव्हा कुणी भेटलं का. अशी मुलं मोकळेपणाने बोलतात.

घरी आल्यावर कागदपत्रं. सरकारी विद्यापीठांतल्या प्रशिक्षकांचे करार आपल्या माहितीच्या अधिकारासारख्या राज्य कायद्यांखाली मिळतात आणि बरेचसे वर्तमानपत्रांनी आधीच मिळवून छापलेले असतात. करारात बोनस कशासाठी आहे ते वाचा. स्ट्रेंथ कोच कुणाच्या हाताखाली आहे, त्याला काढायचा अधिकार कुणाला आहे, हेही त्याच कागदावर असतं. भेटीत मिळालेलं उत्तर त्या कागदाशी जुळतं का ते ताडून बघा, आणि जुळत नसेल तर सहीच्या आधी फोन करून विचारा.